मेव्हनवरची जावा लायब्ररी ग्रेडल आणि बेझेलवाल्यांनाही नीट चालावी म्हणून

प्रश्न थोडक्यात असा आहे. एक जावा लायब्ररी आहे, तिचा बिल्ड, म्हणजे कोड कंपाइल करून वापरण्याजोगी फाइल बनवण्याचं काम, मेव्हन या बिल्ड टूलवर आहे. ती वापरणाऱ्या तीन टीमपैकी एक मेव्हनवरच आहे, दुसरी ग्रेडलवर गेली आणि तिसरी बेझेलवर; ही दोन्हीही बिल्ड टूल्सच. ग्रेडलवाल्यांचा कोड कंपाइल होतो, पण चालवताना मेथड सापडत नाही म्हणून फुटतो. बेझेलवाल्यांना काही डिपेंडन्सी, म्हणजे लायब्ररीला लागणाऱ्या दुसऱ्या लायब्ररी, मिळतच नाहीत. वरून सूचना आली आहे की लायब्ररीच्या रेपोमध्ये (सोर्स कोडच्या साठ्यात) तिन्ही टूल्सच्या बिल्ड फाइल्स ठेवा, म्हणजे सगळ्यांचं जमेल. तसं करावं का?

नका करू. तीन बिल्ड फाइल्स ठेवल्या तरी वरच्या दोन तक्रारींपैकी एकही मिटणार नाही. ग्रेडलवाली टीम तुमचा बिल्ड चालवत नाही. ती तुमची जार (कंपाइल झालेल्या कोडची फाइल) आणि तिच्यासोबतची पॉम फाइल (नाव, व्हर्जन, डिपेंडन्सी यांची नोंद) रिपॉझिटरीतून, म्हणजे पब्लिश झालेल्या लायब्ररींच्या साठ्यातून, उचलते. बेझेलवालेही तेच करतात. त्यांचं तुमच्याशी नातं आहे ते तुम्ही काय पब्लिश करता याच्याशी. तुमच्या घरात ते कशानं बांधलं जातं, याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. स्प्रिंग बूट या जावा फ्रेमवर्कनं २०२० मध्ये, २.३ या आवृत्तीपासून, स्वतःचा बिल्ड मेव्हनवरून ग्रेडलवर नेला. स्प्रिंग बूट वापरणाऱ्या मेव्हन प्रोजेक्टना त्यासाठी आपली टूल्स बदलावी लागली नाहीत, कारण मेव्हनला समजेल अशी पॉम आणि जार बाहेर पडत राहिली. ल्युसीन हा सर्च लायब्ररीचा प्रोजेक्टही ९.० पासून अँट हे जुनं बिल्ड टूल सोडून ग्रेडलवर बांधला जातो, आणि मेव्हनवाले तो पूर्वीसारखाच ओढून घेतात.

तेव्हा सगळी मेहनत पब्लिश होणाऱ्या पॉमवर आणि जारवर लावा. तिथे पाहण्यासारखं बरंच आहे.

सुरुवात ग्रेडलवाल्यांच्या तक्रारीपासून करू. एकाच लायब्ररीची दोन व्हर्जन्स वेगवेगळ्या वाटांनी आली की कुठलं ठेवायचं, याचे नियम दोन्ही टूल्समध्ये वेगळे आहेत. मेव्हन झाडात मुळाच्या सर्वात जवळ असलेलं व्हर्जन घेतं, आणि अंतर सारखं असेल तर पॉममध्ये आधी लिहिलेलं. ग्रेडल आपणहून सर्वात वरचं व्हर्जन घेतं. समजा तुमच्या लायब्ररीला एखाद्या पार्सरचं २.० हवं आहे, आणि वापरणाऱ्याच्या दुसऱ्या एका डिपेंडन्सीमार्फत त्याच पार्सरचं १.४ एक पायरी जवळून येतं. मेव्हनवर १.४ निवडलं जाईल आणि तुमचा कोड चालताना फुटेल. ग्रेडलवर २.० येईल, आणि १.४ वर अवलंबून असलेला कोड फुटेल किंवा नशिबानं चालून जाईल. दोन्हीकडे कंपाइल स्वच्छ होतं. म्हणून ‘आमच्याकडे चालतं’ या वाक्याला इथे काही अर्थ नाही. कोणत्या टूलच्या कोणत्या नियमानं चालतं ते विचारायला हवं. मेव्हनमध्ये डिपेंडन्सी प्लगइनचं ट्री आणि ग्रेडलमध्ये डिपेंडन्सी इनसाइट, हे दोन अहवाल शेजारी ठेवून वाचले की बहुतेक वेळा उत्तर तिथेच सापडतं.

लायब्ररी लिहिणाऱ्याच्या हातात यावर दोन उपाय आहेत. पहिला म्हणजे डिपेंडन्सी कमी ठेवणं. एका स्ट्रिंग-मदतनीस मेथडसाठी अख्खी युटिलिटी लायब्ररी ओढू नका. प्रत्येक जादा डिपेंडन्सी म्हणजे तीन टूल्समधल्या तीन वेगळ्या निवडींना दिलेलं आमंत्रण आहे. दुसरा उपाय म्हणजे बीओएम पब्लिश करणं. बीओएम ही फक्त व्हर्जन्सची यादी असलेली पॉम असते. मेव्हनवाले ती इम्पोर्ट स्कोपनं घेतात, ग्रेडलवाले प्लॅटफॉर्म म्हणून घेतात, बेझेलच्या नव्या नियमसंचातही ती देता येते. मात्र इथेही फरक आहे आणि तो वापरणाऱ्याला सांगून ठेवा. मेव्हनमध्ये डिपेंडन्सी मॅनेजमेंटमधलं व्हर्जन पक्कं असतं, आतून कुणी वरचं मागितलं तरी यादीतलंच घेतलं जातं. ग्रेडलच्या साध्या प्लॅटफॉर्ममध्ये ती यादी सर्वात वरच्या व्हर्जनच्या स्पर्धेतली एक उमेदवार असते, दुसऱ्या कुणी वरचं मागितलं की तेच येतं. मेव्हनसारखी सक्ती हवी असेल तर एन्फोर्स्ड प्लॅटफॉर्म आहे, पण तो अंतिम ॲप्लिकेशनमध्येच वापरावा. लायब्ररीत वापरलात तर ती सक्ती तुमच्या सगळ्या वापरकर्त्यांच्या गळ्यात पडते.

आता स्कोप, म्हणजे डिपेंडन्सी कंपाइल करताना लागते की फक्त चालवताना, ही पॉममधली नोंद. माझ्या मते मेव्हन आणि ग्रेडलमधली सगळ्यात खोल दरी इथे आहे. ग्रेडलमध्ये लायब्ररी दोन गोष्टी वेगळ्या सांगू शकते: ही डिपेंडन्सी माझ्या सार्वजनिक एपीआयचा भाग आहे, आणि ही फक्त माझ्या आतल्या अंमलबजावणीसाठी आहे. पॉम पब्लिश करताना पहिली कंपाइल स्कोपमध्ये जाते, दुसरी रनटाइम स्कोपमध्ये. मेव्हनमध्ये हा भेद करायला जागा नाही. स्वतःचा कोड कंपाइल व्हायचा असेल तर डिपेंडन्सी कंपाइल स्कोपमध्येच लिहावी लागते, आणि तीच पॉम जशीच्या तशी बाहेर जाते. परिणामी मेव्हनवर बांधलेल्या लायब्ररीची आतली सगळी सामग्री वापरणाऱ्याच्या कंपाइल क्लासपाथवर (कंपाइलर जिथे क्लास शोधतो त्या यादीत) सांडते. कुणीतरी तिथलाच जेसन पार्सर परस्पर वापरायला लागतो. त्याच्या पॉममध्ये त्या पार्सरची नोंदच नसते, तरी सगळं सुरळीत चालतं.

हे चालतं ते तुम्ही पार्सर बदलेपर्यंत. किंवा तुम्ही तुमचा बिल्ड ग्रेडलवर नेऊन ती डिपेंडन्सी इम्प्लिमेंटेशन म्हणून लिहीपर्यंत, कारण मग नव्या पॉममध्ये ती रनटाइम स्कोपमध्ये जाते आणि पुढच्या रिलीजला मेव्हनवाल्या टीमचा कंपाइल थांबतो. तुमच्या कोडची एक ओळ बदललेली नसते. म्हणून बिल्ड टूल बदलताना स्कोपची साफसफाई त्याच रिलीजमध्ये करू नका. आधी जुन्या पॉमसारखीच पॉम बाहेर पडेल असं लिहा, म्हणजे सगळं एपीआयमध्ये ठेवा. ते दिसायला वाईट आहे, पण सुरक्षित आहे. मग पुढच्या मुख्य व्हर्जनला, आगाऊ सूचना देऊन, आतल्या गोष्टी आत घ्या.

बेझेल मात्र याबाबतीत फार कडक आहे. जावाच्या नियमांमध्ये जी डिपेंडन्सी थेट वापरता ती थेट लिहिलेली असावी लागते, दुसऱ्याच्या मागून आलेली चालत नाही. त्यामुळे मेव्हनवर वर्षानुवर्षं झाकलेली उधारी बेझेलवर पहिल्या दिवशी उघडी पडते. ‘डिपेंडन्सी मिळत नाही’ या तक्रारींतल्या काही इथूनच आलेल्या असतील. मेव्हनच्या डिपेंडन्सी प्लगइनमध्ये ॲनालाइझ नावाचं गोल (चालवता येणारं काम) आहे, ते ‘वापरलेल्या पण न लिहिलेल्या’ आणि ‘लिहिलेल्या पण न वापरलेल्या’ अशा दोन याद्या देतं. रिफ्लेक्शननं, म्हणजे चालताना नावावरून शोधून, वापरलेलं त्याला दिसत नाही, म्हणून दुसरी यादी आंधळेपणानं पुसू नका. पहिली यादी मात्र रिकामी होईपर्यंत काम करा. यात तिन्ही टूल्सचं भलं आहे.

तक्रारींतल्या उरलेल्या बहुधा पॉममध्ये लिहिलेल्या रिपॉझिटरींमुळे असतील. मेव्हन डिपेंडन्सीच्या पॉममध्ये नोंदवलेली रिपॉझिटरीही शोधात घेतं. ग्रेडल ती नोंद सरळ दुर्लक्षितं, वापरणाऱ्यानं स्वतः लिहिलेल्या रिपॉझिटरीच पाहतं. बेझेलमध्येही रिपॉझिटरींची यादी आपणच द्यायची असते. तेव्हा तुमची एखादी डिपेंडन्सी मेव्हन सेंट्रल या सार्वजनिक रिपॉझिटरीवर नसून कुठल्या तरी बाजूच्या सर्व्हरवर असेल, तर मेव्हनवाल्यांना ते कधी कळणारही नाही आणि बाकीचे अडतील. पॉममधून रिपॉझिटरीची नोंद काढा, आणि लागणाऱ्या सगळ्या गोष्टी सेंट्रलवर किंवा कंपनीच्या एकाच अंतर्गत रिपॉझिटरीत आणा.

पॉमबद्दलच आणखी काही. प्रत्यक्ष रिपॉझिटरीत गेलेली पॉम उघडून वाचण्याची सवय फार कमी लोकांना असते, रेपोतली पॉम आणि बाहेर गेलेली पॉम एकच, असं ते धरून चालतात. मेव्हन ३.५ पासून व्हर्जनच्या जागी रिव्हिजन नावाचा प्लेसहोल्डर ठेवता येतो, सीआयसाठी (आपोआप चालणाऱ्या बिल्डसाठी) तो सोयीचा आहे. पण फ्लॅटन प्लगइन लावलं नाही तर तो प्लेसहोल्डर तसाच, न सुटलेला, पब्लिश होतो. तुमच्या मशीनवर सगळी मॉड्यूल्स एकत्र बांधताना काही जाणवत नाही. बाहेरच्या माणसाला मात्र पॅरेंट पॉमच (मॉड्यूल्स ज्यातून सेटिंग्ज घेतात ती मूळ पॉम) सापडत नाही. पॅरेंटचाही तोच प्रकार: मूळ पॉम पब्लिश करायची राहिली तर एकही टूल तुमचं मॉड्यूल वाचू शकत नाही. मेव्हन ४ मध्ये बांधण्याची पॉम आणि ग्राहकाला जाणारी पॉम वेगळ्या करण्याची सोय आहे, आणि मला ते या टूलमधलं फार वर्षं रखडलेलं काम वाटतं. मेव्हन ४ वर जाईपर्यंत फ्लॅटन लावा. पॅरेंट, प्रॉपर्टी, प्लगइन्सची सेटिंग्ज हे सगळं गाळून बाहेर फक्त नाव, व्हर्जन, लायसन्स, डिपेंडन्सी असा सरळ दस्तऐवज गेला पाहिजे. ग्रेडलनं पब्लिश करणाऱ्यांची अडचण उलटी असते. तिथे ‘१.+’ असली सैल व्हर्जन्स लिहिण्याची सवय असते, ती पॉममध्ये तशीच उतरली तर मेव्हनला समजत नाहीत. पब्लिश करताना प्रत्यक्ष निवडलेलं व्हर्जनच पॉममध्ये जावं यासाठी ग्रेडलमध्ये व्हर्जन मॅपिंगची सोय आहे, ती वापरा.

प्रोफाइल तर पब्लिश होणाऱ्या पॉममध्ये असूच नयेत. ऑपरेटिंग सिस्टिम किंवा जेडीके (जावाचा विकाससंच) पाहून सुरू होणारे प्रोफाइल मेव्हन पाहतं, ग्रेडल पाहत नाही. जावाएफएक्स या ग्राफिकल ॲप्सच्या लायब्ररीचं उदाहरण यासाठी चांगलं आहे. तिथे विंडोज, लिनक्स, मॅक यांच्या नेटिव्ह जार वेगळ्या आहेत, आणि कुठली घ्यायची ते मेव्हन पॅरेंट पॉममधल्या प्रोफाइलवरून ठरवतं. ग्रेडलला ते कळत नसल्यानं जावाएफएक्सचं वेगळं ग्रेडल प्लगइन वापरावं लागतं. जावाएफएक्ससारख्या प्रोजेक्टला प्लगइन लिहून सांभाळणं परवडतं. तुमच्या लायब्ररीत नेटिव्ह भाग असेल तर प्रत्येक प्लॅटफॉर्मसाठी वेगळ्या नावाचं आर्टिफॅक्ट (पब्लिश होणारी फाइल) काढा आणि निवड वापरणाऱ्यावर सोडा. कंटाळवाणं आहे, पण सगळीकडे चालतं.

पॉमला जे सांगता येत नाही ते सांगण्यासाठी ग्रेडलनं स्वतःचं मॉड्यूल मेटाडेटा काढलं. ग्रेडल ६.० पासून, म्हणजे २०१९ पासून, पॉमच्या शेजारी ते आपोआप पब्लिश होतं. पॉममध्ये एक खुणेची कॉमेंट असते, ग्रेडल ती पाहून शेजारची फाइल वाचतं, मेव्हन कॉमेंट समजून पुढे जातं. त्यात जावाचं किमान व्हर्जन लिहिता येतं. लायब्ररी जावा १७ साठी असेल आणि प्रोजेक्ट ११ वर असेल, तर ग्रेडल डिपेंडन्सी ठरवतानाच थांबतं आणि कारण सांगतं. मेव्हनवाल्याला त्याऐवजी क्लास फाइलचं व्हर्जन ६१ आहे, ५५ हवं होतं, अशी चूक जावा कंपाइलरकडून कळते. त्याच फाइलमध्ये ‘ही आणि ती लायब्ररी एकच काम करतात, दोन्ही एकत्र घेऊ नका’ असंही लिहिता येतं.

हे मेटाडेटा किती उपयोगी आहे आणि किती जपून हाताळावं लागतं, दोन्ही ग्वावा या गूगलच्या जावा लायब्ररीमध्ये दिसतं. ग्वावामधला लिसनेबल फ्यूचर हा एकच इंटरफेस काही अँड्रॉइडवाल्यांना वेगळ्या छोट्या जारमध्ये हवा होता. तो १.० म्हणून वेगळा निघाला. मग अख्खं ग्वावा आणि ती छोटी जार दोन्ही एकत्र आली तर एकच क्लास दोनदा येणार. त्यावर त्यांनी छोट्या आर्टिफॅक्टचं ९९९९.० अशा क्रमांकाचं एक रिकामं व्हर्जन काढलं आणि ग्वावाला त्यावर अवलंबून केलं. ग्रेडलच्या सर्वात वरचं व्हर्जन घेण्याच्या नियमामुळे रिकामी जार जिंकते आणि प्रश्न सुटतो. मेव्हनवर मात्र कुणी १.० जवळून घेतलं असेल तर तेच राहतं. एका टूलच्या नियमावर विसंबलेला उपाय दुसऱ्या टूलवर अर्धाच लागू पडतो, याचं याहून स्पष्ट उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. २०२३ मध्ये ग्वावा ३२.१.० पासून त्यांनी ग्रेडलचं मेटाडेटा द्यायला सुरुवात केली, ग्वावा स्वतः मेव्हनवर बांधलं जात असूनही. त्या पहिल्याच रिलीजमधलं मेटाडेटा सदोष होतं आणि ३२.१.१ मध्ये दुरुस्त करावं लागलं. इतक्या काळजीनं चालणाऱ्या प्रोजेक्टलाही हे चुकतं, तेव्हा मेव्हनवरून ग्रेडल मेटाडेटा काढायचं प्लगइन लावणार असाल तर कोडसारखीच त्याचीही चाचणी करा. गरज नसेल तर लावूच नका. साधी, नीटनेटकी पॉम ग्रेडलला व्यवस्थित समजते.

जारच्या आतही फरक पडतो. पहिली गोष्ट कंपाइलरचे पर्याय. सोर्स आणि टार्गेट ८ लिहिलं म्हणजे जावा ८ वर चालेल असं नाही. जेडीके ९ मध्ये बाइटबफरच्या फ्लिपसारख्या मेथडचा परतावा बदलला. नव्या जेडीकेवर सोर्स-टार्गेट ८ देऊन कंपाइल केलेली जार जावा ८ वर ‘अशी मेथड नाही’ म्हणून पडते, कारण कंपाइल करताना समोर नव्या जेडीकेचे क्लास होते. रिलीज हा पर्याय यासाठीच आला. मेव्हनच्या कंपाइलर प्लगइनमध्ये तो आहे, ग्रेडलमध्ये ६.६ पासून आहे. एका टूलच्या बिल्डमध्ये रिलीज आणि दुसऱ्यात सोर्स-टार्गेट असं असेल तर एकाच कोडमधून दोन वेगळ्या जार निघतात. मेथडच्या पॅरामीटरची नावं जारमध्ये ठेवणाऱ्या पॅरामीटर्स या पर्यायाचंही तसंच. स्प्रिंग बूटचं मेव्हन पॅरेंट आणि ग्रेडल प्लगइन तो परस्पर चालू करतात. स्प्रिंग ६.१ पासून तो नसला तर काही ठिकाणी मेथडच्या पॅरामीटरचं नावच मिळत नाही. हाताने लिहिलेल्या बेझेलच्या फाइलमध्ये तो कुणी आठवणीनं घालत नाही.

दुसरी गोष्ट एन्कोडिंग (अक्षरं बाइटमध्ये साठवण्याची पद्धत), आणि मराठीत काम करणाऱ्यांनी इथे थांबून वाचावं. सोर्समध्ये किंवा चाचण्यांत देवनागरी स्ट्रिंग असतील तर एन्कोडिंग यूटीएफ-८ आहे हे प्रत्येक बिल्डमध्ये स्पष्ट लिहा. जेडीके १८ पासून यूटीएफ-८ हे आपोआप धरलं जातं, त्याआधी ते मशीनवर अवलंबून होतं. लिनक्सवरच्या सीआयमध्ये हिरवा दिसणारा बिल्ड विंडोजवर ‘नमस्कार’चे प्रश्नचिन्हांत तुकडे करतो, ते यामुळे. चाचणी चालवणाऱ्या जेव्हीएमलाही एन्कोडिंग वेगळं द्यावं लागतं. कंपाइलरला दिलं म्हणजे झालं, असं नाही.

तिसरी गोष्ट ॲनोटेशन प्रोसेसर, म्हणजे कोडमधल्या खुणा वाचून कंपाइल होताना चालणारा प्रोग्राम. मेव्हनवर प्रोसेसर साध्या डिपेंडन्सीत असला तरी जावा कंपाइलर तो शोधून चालवत असे. ग्रेडलनं ५.० पासून हे बंद केलं, प्रोसेसर वेगळ्या यादीत लिहावा लागतो. जेडीके २३ नं तर कंपाइलरमध्येच आपोआप शोधणं बंद केलं आहे. तुमची लायब्ररी प्रोसेसर देत असेल तर ॲनोटेशन्स आणि प्रोसेसर ही दोन वेगळी आर्टिफॅक्ट करा. तिन्ही टूल्समध्ये वेगवेगळ्या जागी लिहायला तीच रचना सोपी जाते.

कोड तयार करणारे टप्पे हा मोठा विषय आहे, मी एकच सल्ला देतो. तुमचा स्वतःचा जनरेटर असेल तर त्याचं सगळं डोकं कमांड लाइनवरून चालणाऱ्या एका साध्या जावा प्रोग्राममध्ये ठेवा, ज्याला इनपुट आणि आउटपुट फोल्डर सांगितलं की काम होतं. मेव्हनमध्ये एक्झेक प्लगइन, ग्रेडलमध्ये जावाएक्झेक, बेझेलमध्ये जेनरूल, तिन्ही तो चालवू शकतात. मेव्हन प्लगइनच्या आत लिहिलेलं लॉजिक मेव्हनबाहेर नेणं म्हणजे ते पुन्हा लिहिणं. आणि त्या प्रोग्रामनं आउटपुटमध्ये तारीख-वेळ छापू नये, सध्याच्या फोल्डरवर विसंबू नये, नेटवरून काही आणू नये. बेझेलच्या सँडबॉक्समध्ये यातलं बरंचसं चालतच नाही, ग्रेडलच्या कॅशला त्यानं धोका होतो.

आता चाचण्या. बिल्ड टूल बदललं आणि सगळं हिरवं आलं की लोक निर्धास्त होतात. पहिला प्रश्न विचारा: किती चाचण्या चालल्या? मेव्हनचं चाचण्या चालवणारं शुअरफायर प्लगइन क्लासच्या नावावरून चाचणी ओळखतं. नाव टेस्टनं सुरू होणारं, किंवा टेस्ट, टेस्ट्स, टेस्टकेस यांनी संपणारं हवं. ग्रेडल क्लास फाइल्स उघडून आत पाहतं, नाव काही का असेना. बेझेलमध्ये प्रत्येक चाचणीसाठी टार्गेट लिहावं लागतं, न लिहिलेली चाचणी अस्तित्वातच नसते. त्यामुळे ‘चेक’ किंवा ‘स्पेक’नं संपणारे क्लास मेव्हनवर वर्षानुवर्षं न चालता पडून असतात आणि ग्रेडलवर पहिल्यांदा चालून लाल होतात. त्यांचा दोष नव्या टूलवर टाकू नका. तिन्ही टूल्स जेयुनिटच्या धाटणीचे एक्सएमएल अहवाल देतात. त्यातून क्लास आणि मेथडची नावं काढून याद्यांचा फरक पाहणारी छोटी स्क्रिप्ट लिहा.

चाचण्यांतले फाइलपाथ हा नेहमीचा त्रास. सोर्सच्या फोल्डरचा सापेक्ष पाथ देऊन उघडलेली फाइल मेव्हन आणि ग्रेडलवर मिळते, आयडीईत कधी मिळते कधी नाही, बेझेलवर मिळत नाही. रिसोर्स क्लासपाथवरूनच वाचा. आणखी एक फरक असा की मेव्हन क्लास आणि रिसोर्स एकाच फोल्डरमध्ये ठेवतं, ग्रेडल वेगवेगळ्या. जेपीए या डेटाबेसशी जोडणाऱ्या जावा मानकाच्या पर्सिस्टन्स फाइलच्या जागेवरून एंटिटी क्लास आपोआप शोधले जातात, ते ग्रेडलवर चाचणीच्या वेळी सापडत नाहीत, कारण ती फाइल एका फोल्डरमध्ये आणि क्लास दुसऱ्यात. जार बनल्यावर सगळं एकत्र येतं, म्हणून प्रॉडक्शनमध्ये चालतं आणि चाचणीत पडतं. एंटिटींची यादी फाइलमध्ये स्पष्ट लिहिली की सुटतं.

हे सगळं पुन्हा बिघडू नये म्हणून काय करायचं? लायब्ररीच्या रेपोमध्ये ग्राहक नावाचा फोल्डर करा आणि त्यात तीन अगदी छोटे प्रोजेक्ट ठेवा: एक मेव्हनचा, एक ग्रेडलचा, एक बेझेलचा. वरच्या सूचनेतल्या तीन बिल्ड फाइल्सची खरी जागा ही. सीआयमध्ये आधी लायब्ररी एका कोऱ्या, तात्पुरत्या फोल्डरमध्ये पब्लिश करा, मग हे तिन्ही प्रोजेक्ट तिथून ती ओढून घेतील. घरच्या लोकल मेव्हन रिपॉझिटरीतून ओढू नका, तिथे जुन्या बिल्डचा गाळ असतो आणि तो नसलेल्या फाइलची उणीव झाकतो. प्रत्येक ग्राहकानं तुमच्या सार्वजनिक एपीआयला हात लावणारा थोडा कोड कंपाइल करावा, तो चालवावा, आणि आपलं डिपेंडन्सी ट्री रेपोत ठेवलेल्या मजकूर फाइलशी ताडून पाहावं. ट्री बदललं तर बिल्ड पडेल, आणि तो बदल कुणाला तरी वाचून मान्य करावा लागेल. जावाच्या तुम्ही आधार देत असलेल्या सर्वात जुन्या व्हर्जनवर निदान एक ग्राहक चालवा. हे उभं करायला वेळ लागतो, पण प्रत्येक रिलीजनंतर तीन टीमच्या मेसेजना उत्तरं देण्यापेक्षा खूप कमी.

एका रेपोत दोन बिल्ड खरोखर लागतात अशीही परिस्थिती येते. कोड एखाद्या मोनोरेपोत (अनेक प्रोजेक्टच्या सामायिक रेपोत) बेझेलवर कंपाइल होतो आणि बाहेर मेव्हनवर पब्लिश होतो, किंवा एका टूलवरून दुसऱ्यावर स्थलांतर चालू असतं. तेव्हा कुठला बिल्ड अधिकृत ते रीडमीत लिहा आणि रिलीज फक्त त्यातूनच काढा. व्हर्जन्स एकाच बीओएममध्ये ठेवा आणि दोन्ही बिल्डना ती वाचायला लावा. दोन ठिकाणी हाताने लिहिलेली व्हर्जन्स फार काळ सारखी राहत नाहीत. स्थलांतर असेल तर दोन्ही बिल्डच्या जार उघडून क्लासची यादी, मॅनिफेस्ट (जारबद्दलची माहिती असलेली आतली फाइल) आणि पॉम यांची तुलना करा. मॅनिफेस्टमधलं ऑटोमॅटिक मॉड्यूल नेम गळालेलं असतं आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही. तुलना सोपी व्हावी म्हणून दोन्हीकडे टाइमस्टँप गोठवा: मेव्हनमध्ये आउटपुट टाइमस्टँपची प्रॉपर्टी आहे, ग्रेडलमध्ये फाइल टाइमस्टँप न जपण्याचं आणि फाइलक्रम ठरावीक ठेवण्याचं सेटिंग आहे. तुलनेत फरक उरला नाही की जुन्या टूलच्या फाइल्स त्याच दिवशी रेपोतून काढा.

तुमच्या बाबतीत मी या क्रमानं जाईन: आज शेवटच्या रिलीजची पब्लिश झालेली पॉम रिपॉझिटरीतून डाउनलोड करून ओळ न ओळ वाचा. त्यात प्रोफाइल, रिपॉझिटरी, न सुटलेली प्रॉपर्टी किंवा चाचणीपुरतीच असायला हवी होती अशी कंपाइल स्कोपमधली डिपेंडन्सी दिसली तर आधी ती काढा. मग ग्रेडलवाल्या टीमकडून त्यांच्या फुटलेल्या मेथडच्या लायब्ररीचा डिपेंडन्सी इनसाइट अहवाल मागवा, आणि बेझेलवाल्यांकडून न मिळालेल्या डिपेंडन्सींची नावं. ही तीन कागदपत्रं समोर असली की वरिष्ठांशी बिल्ड फाइल्सबद्दल बोलायला बसा.